दोघांपुरता फोन

१४ मार्च

चि. खटपट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतंय. काल बातम्यांत तुला पाहिलं, किती वाळलास रे! हे पत्र पोस्टात टाकत नाही. धाकट्या जाऊबाई ते तुझ्याच हातात देतील.

दहाव्या वर्षी तू शेजाऱ्यांचा रेडिओ उघडून बसलास, तेव्हा मार मी खाल्ला. पुढे गावोगाव टेलिफोन नेलेस, कचेऱ्यांत कॉम्प्युटर बसवलेस, पंतप्रधान झालास. मला कोण अभिमान! शपथविधीनंतर मला वेगळा फोन दिलास. यावर फक्त आपण दोघं, असं म्हणालास.

पोलिसांनी ह्यांना नेलं, त्याला आज अकरा दिवस झाले. छापखान्यात आलेल्या माणसांनी शोधाशोध केलीच नाही. सरळ कागद कापायच्या यंत्राखालचा खण ओढला आणि टेलिफोन खात्यातल्या त्या इंजिनिअरचा जबाब काढला. तुझं सरकार लोकांचे फोन चोरून ऐकतं, असं त्यात होतं. ह्यांच्या साप्ताहिकात तो छापायचा होता. मी सगळ्यांवर संशय घेतला, जाऊबाईंवरसुद्धा. बिचारी दोन दिवस धड जेवली नाही.

खरं तर तो खण आम्हा दोघांनाच ठाऊक होता. आदल्या दिवशी मीच तुला फोनवर विचारलं होतं, हे खरं का रे म्हणून. बोलण्याच्या ओघात कागद कुठे आहेत तेही सांगून बसले. माझ्या जिभेला हाड नाही. ह्यांना अजून हे माहीत नाही.

म्हणून सोमवारी तुला मुद्दाम थाप मारली, की दुसरी प्रत गच्चीवरच्या टाकीमागे आहे. मंगळवारी सकाळी माणसं थेट गच्चीवर. घरातून गेली, चपलाही काढल्या नाहीत.

तरी मनाची समजूत घातली, की तुला पत्ता नसेल, मधलंच कुणी ऐकत असेल. पण सोमवारी फोनवर तू विचारलं होतंस, "ताई, टाकीच्या डाव्या अंगाला की उजव्या?" चोरून ऐकणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाही रे. तो तूच विचारलास.

उद्या कोर्टात ह्यांची तारीख आहे. वकिलांना मी सगळं सांगितलंय. ह्यांना मात्र तिथेच, माझ्या तोंडून कळेल, आणि मग ते माझं तोंड पाहतील की नाही कोण जाणे. तुला आधी कळवते, कारण पाठीमागून वार करणं मला जमत नाही.

वेळेवर जेवत जा.

पहिली साक्षीदार,
तुझी ताई