सोयरिकीच्या दिवशी कोरी कॉफी

माय, मी हल्ली हॉटेलात एकटी बसते. चांगली खिडकीजवळची खुर्ची पकडून बसते. आता तू म्हणशील, "आपलं काय काम शे तठे?" जामनेरच्या बाजाराला गेलो की नाना आत चहा प्यायचे आणि तू पिशव्या पायाशी घेऊन बाहेर उन्हात उभी. आत का जायचं नाही, असं मी विचारलं की तुझं हेच उत्तर. तर काम सांगते. कॉफी प्यायचं काम.

शाळेच्या प्रशिक्षणाला, पेपर तपासायला कधी पुणे, कधी नाशिक, कधी इंदूर असं दोन दिवसांचं जाणं होतं. पुण्यात एकदा ऊन लागलं म्हणून एका गार दुकानात शिरले. कार्डावर कॉफीच्या नावाखाली लिहिलेलं, जांभूळ, गूळ, संत्र्याची साल. कप आला तर नुसतं काळं पाणी, दूध नाही, साखर नाही. "यात जांभूळ कुठंय हो?" मी विचारलं. काउंटरवरची मुलगी हसली, "मॅडम, घातलेलं नसतं, चवीला लागतं." लागतं कसलं डोंबल! पहिल्या घोटाला तोंड कडूझार झालं. पण मी तुझी लेक, हट्ट सोडते होय? पुढच्या खेपेला नाशिकला प्यायले, मग इंदूरला, आणि तिथे कप जरा निवल्यावर जिभेच्या कडेला जांभूळ लागलं. खरंच लागलं गं! तेव्हापासून कुठल्याही गावी गेले की खोलीवर बॅग टाकते आणि आधी कॉफीचं दुकान शोधते. बिया कुठल्या डोंगरावरच्या, कधी भाजल्या, सगळं विचारून घेते. शिक्षकाला प्रश्न विचारायची लाज कसली?

आता जळगावच्या घरात बिया दळायची छोटी चक्की आहे, कागदाची गाळणी आहे. शेजारणी म्हणतात, बाईंना वारं लागलं. लागू दे. पाचोऱ्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तू पाहुण्यांसाठी जायफळ घालून दुधाची कॉफी करायचीस, मी पातेल्याशी घुटमळायचे आणि तू ओरडायचीस, "सरक, काळी पडशील!" मी काळी ती काळीच राहिले, कॉफी न पिताच.

तुझी नात बँकेत आहे. तिने धुळ्याचा मुलगा पसंत केला. मुलगा गुणी, मलाही आवडला. फक्त त्याच्या आत्याचा होकार राहिला होता. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, त्यामुळे त्यांच्याकडे तिचा शब्द शेवटचा. गेल्या रविवारी ती मंडळी आली. मला उत्साह केवढा! नुकत्याच आणलेल्या बियांची कॉफी केली, पातळ, लालसर, आणि ऐटीत सगळ्यांसमोर कप ठेवले.

आत्याने कपात पाहिलं आणि कप खाली ठेवला. "कोरी? मंगल कामले कोरी पाजतस का, ताई? आमनाकडे मयतना घरमा कोरा चहा देतस."

माय, माझ्या अंगावर काटा आला. तुझे जावई गेले तेव्हा याच बैठकीत गल्लीतल्या बायकांनी मला कोरा चहा पाजला होता. ते मला आठवू नये? चहाचं लक्षात राहिलं असतं, पण ही कॉफी होती ना, शहरातून शिकून आलेली. मुलगा चपलांकडे बघत बसला, आणि आत्याने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

उठली ती तुझी नात. आतून दुधाचं पातेलं आणि साखरेचा डबा घेऊन आली, आत्याच्या पायाशी बसली आणि त्या कपात दूध ओतलं. एरवी कुणी तसं केलं असतं तर मी हात धरला असता. "घ्या आत्या, आता कोरी नाही राहिली. आई दिवसभर शाळेत शिकवते, हे तिला कुणी शिकवलं नाही." आत्याला हसू फुटलं. तिने बशीत ओतून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "कडू शे, पन चालस," म्हणाली. मग मीच धावत जाऊन साखर-नारळ आणला. लग्न ठरलं, माय. पोरगी घरभर गुणगुणत असते.

सगळ्यांना मी ही फजिती हसत हसत सांगते. तुला तेवढी एक गोष्ट जास्तीची सांगते, म्हणून तर लिहायला बसले. तू गेलीस, आता हा कागद कुठे टपालात टाकायचा नाहीच आहे. आत्याने पिशवी मांडीवर घेतली, तेव्हा पोरीचा चेहरा पांढरा पडला होता, तो मला दिसत होता. आणि तरी माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की बरं झालं, आता ही माझ्याजवळच राहील.