जबड्यातली फट

प्रिय आबा,

तुम्ही गेलात त्याला चौदा महिने झाले आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहितोय. होतात तेव्हाही कधी लिहिलं नाही. फोनवर "बरा आहे, जेवलो" एवढंच. आज बसलो, कारण काल इथे परदेशात, तुआस या कारखान्यांच्या भागात, आमच्या यार्डामागच्या झुडपात एक भटका कुत्रा लोखंडी सापळ्यात अडकला आणि तो मी सोडवला. सापळा कोणी लावला कोण जाणे. इथे असलं काही लावायला बंदी आहे.

केकाटणं ऐकून आम्ही पाचसहा जण धावलो. सुपरवायझर लांबूनच इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला, "ए, डोन्ट टच लाह. कॉल फर्स्ट, पीपल विल कम." मी कुत्र्याच्या तोंडावर माझं जॅकेट टाकलं, दोन्हीकडच्या स्प्रिंगांवर एकेक बूट ठेवून सगळं वजन दिलं. जबडे उघडले. माझ्याबरोबरच्या मुरुगन नावाच्या तमिळ फिटरने पाय अलगद बाहेर काढला. मग हिंदीत विचारलं, "ये कहाँ सीखा भाई?"

"मेरे पिताजी सापळे, मतलब ट्रॅप, ठीक करते थे," मी म्हणालो. सहा वर्षांत इथे तुमच्याबद्दल कोणाशी बोललो ते एवढंच.

त्याला सगळं कुठे सांगत बसू? लोक बाजारातून दातेरी सापळे आणायचे, कोंबड्या पळवणाऱ्या कोल्ह्यांसाठी, रानमांजरांसाठी. तुम्ही आधी दात घासून काढायचात. मग जबड्यांना स्कूटरच्या ट्यूबची पट्टी. साखळीला फिरती कडी, म्हणजे जनावर गरगर फिरलं तरी पाय पिळवटत नाही. आणि शेवटी जबड्यांच्या काठाला वेल्डिंगचे दोन ठिपके, म्हणजे सापळा मिटला तरी मधे पेन्सिल जाईल एवढी फट राहायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "आबा, नीट मिटत नाही की हो." तुम्ही मान वर न करता विचारायचात, "धरायचंय की तोडायचंय?" सापडलेला कोल्हा तुम्ही स्वतः पोत्यात घालून डोंगरापलीकडे सोडून यायचात. गाव हसायचं. मीही हसायचो.

आता जे सहा वर्षं सांगितलं नाही ते सांगतो.

मी डिप्लोमा करून आलो होतो. इथल्या नोकरीचं पत्र हातात होतं आणि डोकं आभाळात. दोन भाग एकमेकांवर बसले की मधून उजेड दिसता कामा नये, हे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तीन वर्षं घोकून घेतलं होतं. केशवकाकांसाठी तुम्ही तयार केलेला सापळा मी उजेडासमोर धरला. फट दिसली. ती तुमच्या प्रत्येक सापळ्यात असते हे मला ठाऊक होतं, तरी मला वाटलं, आबांना आता अचूक काम जमत नाही. तुम्ही दुपारी आडवे झाला होतात. मी कानस घेतली आणि दोन्ही ठिपके घासून सपाट केले. जबडे असे बसले की कागद जाणार नाही. केवढा खूश होतो मी!

दुसऱ्या दिवशी त्यात काकांचाच कुत्रा, टिपू, अडकला. रबर होतं, पण फट नव्हती, त्यामुळे स्प्रिंगचा सगळा जोर हाडावर आला. काकांनी सापळा आपल्या अंगणात आणून आपटला. "विसू, हात गेला तुझा. सोडून दे आता हे धंदे." चार माणसं उभी होती. तुम्ही सापळा उचललात, काठावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "चुकलं माझं, केशव."

मी दारात उभा होतो. अर्धी भरलेली बॅग मागे पलंगावर. मी आत वळून ती भरायला घेतली, आणि दहा दिवसांनी विमानात बसलो.

त्यानंतर तुम्ही एकही सापळा हातात घेतला नाहीत. गेट, ग्रिल, एवढंच. टिपू तीन पायांवर गावभर हिंडायचा आणि लोक म्हणायचे, आबांचा हात गेला. मी चारदा सुट्टीवर आलो. दर वेळी ठरवून आलो आणि दर वेळी न बोलता परतलो. पाचव्यांदा आलो तो तिसऱ्या दिवशी, अस्थी गोळा करायला.

काल संध्याकाळी बुकित पंजांगला एलआरटीने, म्हणजे इथल्या छोट्या मेट्रोने, खोलीवर परतत होतो. इमारतींजवळून जाताना गाडीच्या काचा आपोआप धूसर होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. डब्यात प्रत्येक जण मोबाईलमध्ये. मीही सापळ्यांबद्दल शोधत बसलो. आबा, थंड देशांत कातड्यांसाठी जनावरं धरणारे लोक आहेत, तेही आता जबड्यांत हीच फट ठेवतात! रबर तेच, फिरती कडीसुद्धा तीच. कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. दाखवायला कोण होतं? खोलीवर येऊन आईला फोन लावला.

कुत्र्याचं ऐकून आई म्हणाली, "केशवभावजींचा तो सापळा अजून माळ्यावर आहे रे. भंगारवाला आला की हे म्हणायचे, तेवढा द्यायचा नाही आणि कोणाला दाखवायचाही नाही. म्हणायचे, सुधीरच्या हातचं काम आहे त्याच्यावर. मला वाटलं, तू काही दुरुस्त केलं असशील."

रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. कानशीचे ओरखडे तुम्हाला कळणार नाहीत होय? मग ओरडला का नाहीत? चारचौघांत एक थोबाडीत द्यायची होतीत. परदेशी निघालेल्या पोराच्या नावाला बट्टा नको म्हणून स्वतःच्या हाताला नावं ठेवून घेतलीत, आणि मला साधं विचारलंही नाहीत. याचा मला राग येतो, आबा. तुमच्यावर यायला नको, पण येतो. इथे यार्डात माझं काम बघून लोक वाहवा करतात, तेव्हा कुठे तोंड लपवू कळत नाही.

दिवाळीत येईन तेव्हा तो सापळा घेऊन केशवकाकांकडे जाईन, चार माणसं असतील अशा वेळी, आणि हे कोणी केलं ते सांगेन. शब्द देतो. पण आईसाठी दिवाळीपर्यंत थांबायचं नाही. हात चालेना म्हणून तुम्ही ते काम सोडलंत असंच ती अजून समजते, आणि दुसऱ्यांनाही तसंच सांगते. हे पत्र संपलं की तिला फोन लावतो. तुमचा हात शेवटपर्यंत शाबूत होता, हे तिला आज माझ्या तोंडून कळेल.

तुमचा,
सुधीर