कप खाली ठेवस्तोर

दादा, शुक्रवारी लातूरला जाऊन आले. तुमच्या जुन्या ऑफिसवरूनच गाडी गेली, पण उतरले नाही. उतरून कुणाला काय सांगणार होते, इथे माझे वडील कारकून होते म्हणून? उन्हाने डोकं भणभणत होतं आणि ज्या कामासाठी आले ते अजून व्हायचं होतं. शहराला यंदा रेल्वेने पाणी येतंय. आम्ही ज्या हॉटेलात जमलो होतो तिथे बेसिनच्या नळांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, आणि चहा कागदी कपात, कारण कपबशा विसळायला पाणी कुणाकडे आहे. अशा त्या हॉलमध्ये दिवसभर पाणी आणि तंत्रज्ञान या विषयावर परिषद. तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता.

मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. माझं शिक्षण पुरं व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. नांदेडला दोन खोल्यांचं ऑफिस आहे, माझं आणि हदगावच्या एका भागीदाराचं, हाताखाली चार मुलं. बोअरमध्ये सोडायचं एक यंत्र आम्ही बनवतो. पाणी किती खोल गेलंय ते मोबाइलवर दिसतं. हातातलं काम संपत आलंय. नवं मिळालं नाही तर पावसाळ्याआधी कुलूप लावायचं आणि त्या चौघांना घरी पाठवायचं, असं आमचं ठरलंय. परिषदेला पाणी खात्याचे एक मोठे साहेब येणार होते. औसा आणि उदगीर तालुक्यांत आमची यंत्रं बसवायची की नाही, हे त्यांच्या शब्दावर होतं. भागीदाराने जाताना गाडीत मला पढवून घेतलं. नेटवर्किंगचे व्हिडिओ बघून बघून तो पंडित झालाय. म्हणाला, "भाषणं कोण ऐकून राहिलं, मॅडम? काम चहाच्या सुट्टीतच होतंय. माणसाच्या एका हातात कप अन् दुसऱ्या हातात समोसा आला की गाठायचं. पळून जाणार कुठं?" ते ऐकलं आणि तुम्ही मला रागावलात तो दिवस आठवला.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. तुमची उदगीरहून लातूरला बदली झालेली, ऑफिस भाड्याच्या इमारतीत, माणसांना खुर्च्या पुरत नाहीत, आणि त्यात दुष्काळ. टँकरची सगळी कामं तुमच्या टेबलावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डबा घेऊन येते तेव्हा तुम्ही हमखास बाहेर लिंबाखालच्या कॅन्टीनमध्ये सापडता. टँकर मागायला आलेल्या गावकऱ्याला तुम्ही आधी तिथे नेता, स्वतः कपबशी उचलून त्याच्या हातात देता. मग जनावरं, पोरींची लग्नं, तिकडच्या बाजाराचे भाव, सगळं बोलणं होतं; टँकरचं अवाक्षर नाही. एकदा एका म्हाताऱ्याशी तुमचं असं निवांत चाललेलं, आणि मी मध्येच विचारलं, दादा, यांना टँकर कधी देणार? म्हातारा ओशाळला. कप तसाच बाकावर ठेवून उठला. संध्याकाळी सायकल हातात धरून घराकडे चालताना तुम्ही असा आवाज चढवलात की मी रस्त्यातच रडायला लागले. "कप खाली ठेवस्तोर कामाचं बोलायचं न्हाई, माय. चहा पिऊ द्यावा माणसाला." मी का म्हणून विचारलं, तर तुम्ही सायकल घेऊन पुढे चालू लागलात. मला ती तुमची रीतभात वाटली. पुढे कितीतरी जणांना मी ती मोठ्या ऐटीत सांगितली, की आमचे वडील असे सभ्य होते.

त्याच उन्हाळ्यातला आणखी एक दिवस आहे. औशाकडचा एक मोठा बागाईतदार आला होता, कडक इस्त्रीचा, बोलायला गोड. तुम्ही दिलेला चहा त्याने घेतला, बोलता बोलता तुमचं आडनाव विचारलं, तुम्ही सांगितलंत. आपण बौद्ध, हे आपल्या आडनावावरून त्या भागात कुणालाही कळतं. तो बोलत राहिला, हसत राहिला, पण कप काही तोंडापर्यंत गेला नाही. शेवटी पोट बरोबर नाही म्हणाला आणि भरलेला कप बाकावर ठेवला. तुम्ही त्याला आत नेलंत, त्याच्या गावचा टँकर त्याच दिवशी मार्गी लावलात. बाहेर येऊन तो गार चहा लिंबाच्या बुडाशी ओतलात. मी म्हटलं, झाडाला कुणी चहा देतं का? तुम्ही म्हणालात, "त्याला चालतो." मी खूप हसले होते आणि घरी जाऊन आईलाही ते सांगितलं होतं. आई हसली नव्हती.

आता कुणी आडनाव विचारतसुद्धा नाही. परिषदेत दारातच गळ्यात कार्ड अडकवतात, नाव-आडनाव ठळक अक्षरांत. पहिल्या सुट्टीत साहेबांभोवती असा गराडा की त्यांना घोट घ्यायलाही कुणी सवड देईना. जो तो आपलं घोडं दामटतोय, भागीदार समोसा खात खात कार्डं वाटतोय, आणि मी खांबाला टेकून साहेबांचा कप संपायची वाट बघतेय, तुमची लेक ना. कप संपला आणि साहेब आत गेले. दुपारी ते स्टेजवरच्या मंडळींबरोबर वेगळ्या खोलीत जेवले. भागीदार माझ्याकडे असा बघत होता जणू मीच त्याची गाडी चुकवली. खरं सांगते, तोवर माझे पाय भरून आले होते आणि कुणाशीही हसून बोलायची ताकद उरली नव्हती. शेवटच्या सुट्टीत साहेब खिडकीशी एकटे दिसले. मी दोन कप घेतले, एक त्यांना दिला.

त्यांनी माझ्या कार्डावर नजर टाकली. गाव विचारलं, मी उदगीर सांगितलं. हो का, म्हणाले, आणि मग फार चांगलं बोलले. नोकरीच्या सुरुवातीला उदगीरला होते, तिथली टंचाई, तिथला उन्हाळा. मी उत्तरं देत होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या तोंडाकडे बघतच नाहीये. मी कपाकडे बघतेय. एक घोट झाला. दुसरा घेतात का? चाळिशी उलटलेली बाई, स्वतःचं ऑफिस चालवते, आणि कपाकडे बघतेय. तेव्हा मला कळलं, दादा. कसली रीतभात! तुम्हीही तेच बघत होता. समोरचा पितो की नाही. म्हणून त्या वेळात काम मध्ये येऊ द्यायचं नाही, म्हणजे त्याने कप ठेवलाच तर तो कशामुळे ठेवला याची शंका राहणार नाही. त्या म्हाताऱ्याचा कप माझ्या बोलण्याने खाली गेला. तो प्यायला असता की नाही, हे तुम्हाला कधी कळलंच नाही. एवढ्यासाठी तुम्ही रस्त्यात ओरडला होता, आणि मी त्याचा अर्थ सभ्यपणा असा लावून इतकी वर्षं मिरवला.

मी थांबायला हवं होतं. पण सगळ्यांना आत बोलवायला लागले, भागीदार लांबून खुणा करत होता, त्या चार मुलांची तोंडं डोळ्यांसमोर आली. मी यंत्राचं बोलून टाकलं. साहेबांनी कप खिडकीत ठेवला, नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि सोमवारी यंत्र घेऊन ऑफिसला या म्हणाले. परतताना भागीदार गाडीत गाणी म्हणत होता. मी काचेला डोकं टेकून डोळे मिटले.

उद्या सोमवार. मी जाईन, हसून बोलेन, काम मिळेलही. साहेब मनाने चांगलेच असतील. हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. सगळे आत गेल्यावर मी मागे राहिले आणि खिडकीतला त्यांचा कप उचलून बघितला. निम्म्याहून जास्त भरलेला होता. माझ्या बोलण्याने राहिला की कार्डावरच्या आडनावाने, हे मला आता कळायचं नाही. दाराशी कुंडीत एक वाळत आलेलं झाड होतं, त्याला ओतून आले.