नवऱ्याचे नाव

तेलगाव, ता. १० फेब्रुवारी १९३७

चि. सुंदरराव यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल मंगळवारी, ता. ९ रोजी, सकाळी सव्वाअकरा वाजता तुमच्या दिंद्रुडच्या सहकारी सोसायटीच्या खिडकीवरून छबुबाईला परत पाठवण्यात आले. पाठवणारा चिटणीस तू. ती ठेव ठेवायला आली होती, उसने मागायला नव्हे. तू नवऱ्याचे नाव विचारलेस. ती म्हणाली, की मालक मुंबईला गोदीत हायेत, इथं नाव घेतलं आन् तिकडं काई झालं तर? मागे उभे असलेले बापे हसले म्हणे. तूही हसलास का, ते तिने सांगितले नाही.

तिच्या दिराने, बंकटने, चूल उकरून तिची शिल्लक एकदा नेली आहे. तेव्हापासून ती तुपाचे पैसे माझ्या ट्रंकेत ठेवते, आणि तिचे पाहून गावच्या इतर बायाही. कोणती पुरचुंडी कोणाची, हे फक्त मला ठाऊक. बीडला मुलींना शिकवता शिकवता केस पांढरे केले आणि पेन्शन घेतली, ती रखवाली करायला नव्हे. थकले मी. महिनाअखेरीस मोतीबिंदू काढायला सिकंदराबादला जायचे आहे. परत आले नाही तर ट्रंकेचा वारस कायद्याने तूच. बायांच्या घामावर मालक व्हायची हौस आहे का?

मी कॉन्व्हेंटात शिकून आले आणि सासरी पहिल्याच दिवशी नवऱ्याचे नाव ठणठणीत घेतले, तर सासूबाईंनी महिनाभर अबोला धरला. मला तो परवडला. छबुबाईला परवडत नाही.

लोभ अजून शिल्लक आहे. तो संपवू नये.

चंद्रभागा


दिंद्रुड, ता. १३ फेब्रुवारी

ती. गं. भा. आत्याबाईंचे सेवेशी,
सुंदररावाचा सा. न. वि. वि.

आपले पत्र वर्गात उभे केल्यासारखे उभे राहून वाचले. मी हसलो नाही. पण नियम मी केलेला नाही. एकीच्या नावावर दुसरीने पैसे उचलू नयेत, म्हणून दरखास्त देणाराने दोन सभासदांसमोर स्वतःच्या तोंडाने आपले, गावाचे आणि बाई असल्यास नवऱ्याचे नाव सांगायचे. या भागात छबुबाया काय थोड्या आहेत? सोसायटी नवी आहे. आमची चूक कधी होते, याची सावकार मंडळी वाटच पाहत बसली आहेत. दिवसभर हेच समजावून माझा घसा बसतो. घरी आल्यावर जेवण जात नाही.

एका श्वासाचे काम आहे. आमची मंडळीसुद्धा सांगतील, विचारून पाहावे.

डोळ्यांना जपावे. रागावलात तरी पत्र टाकीत जावे.

आपला सुंदरराव


दिंद्रुड, ता. १७ फेब्रुवारी

ती. आत्याबाईंस,
भाचेसून विमलचा शि. सा. न.

तुमचे पत्र आणि त्याचे उत्तर, दोन्ही मला वाचून दाखवणे झाले. म्हणून काल बाजारच्या दिवशी मी भाऊबीजेचे पैसे घेऊन खिडकीवर गेले. नाव सांगून टाकायचे, म्हणजे छबुबाईलाही धीर येईल, असे ठरवले होते. वाटेत मनातल्या मनात म्हणूनही पाहिले.

इकडून मान वर न करता विचारणे झाले. माझे नाव सांगितले, गाव सांगितले. मग नवऱ्याचे नाव. आत्याबाई, जीभ उचलेना. मागे बाजार गोळा झाला. म्हाळू तेली म्हणाला, की वहिनी, समूरच बसलेत की, बोट तरी दावा. मी बोटही दाखवले. तर सभासद म्हणाले, बोट चालत नाही. इकडून सांग ना, असे हळूच म्हणणेही झाले. शेवटी दरखास्तीवर काही लिहून, शिक्का मारून ती माझ्या हातात देणे झाले.

छबुबाई पायरीवर बसून होती. मला एवढेच म्हणाली, “बाई, तुमी बी?”

घरी आल्यापासून आम्ही दोघे बोललेलो नाही. मला राग नाही, नुसता शीण आला आहे. चार दिवस तुमच्याकडे येऊ का?

तुमची विमल


तेलगाव, ता. २१ फेब्रुवारी

चि. सुंदरराव यास,
आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत.

विमल काल बैलगाडीने सुखरूप पोचली. तिची दरखास्त माझ्यासमोर आहे. तीवर तुझ्या दस्तखताने शेरा आहे, ‘ओळख पटली नाही.’ मी भिंग लावून दोनदा वाचला.

तू वाईट नाहीस, हे मला कळते. तुलाही शीण झाला आहे. पण पैसे एकीचे दुसरीला जाऊ नयेत, एवढीच काळजी असेल तर शेजारच्या दोन बायांची साक्ष घ्या. कोण कोणाच्या घरची, हे पाणवठ्यावर जितके ठाऊक असते तितके तुमच्या सभासदांना नसते. हे पंचांपुढे मांड. सांगायची लाज वाटत असेल तर माझे पत्र वाचून दाखव.

मी पुढच्या रविवारी, ता. २८ रोजी, सिकंदराबादला निघते. ट्रंक बरोबर नेता येत नाही आणि इथे ठेववत नाही. तेव्हा छबुबाईची ठेव कोणत्या दिवशी घेणार, आणि जिची ओळख पटत नाही ती बाई अकरा वर्षे तुझ्या घरात कोण म्हणून भाकरी करीत होती, या दोन्हींचे लेखी उत्तर, चिटणिसाच्या शिक्क्यानिशी, शनिवार ता. २७ रोजी दुपारी बाराच्या आत मला मिळावे.

चंद्रभागा