वडिलांचा एकच रकाना

मंगळवार, संध्याकाळ. बिरवाडी.

भावकीची वंशावळ संगणकावर भरतोय. प्रत्येक नावापुढे वडिलांचा क्रमांक, एकच रकाना. आज शिवथरचे तात्या आले. लहानपणी चुलत्याला दत्तक गेलेले. मी मात्र जन्मदात्याचा क्रमांक भरला होता. चुलत्याखाली शोध घेतला, तर एकही नाव आलं नाही.

"माझ्या बापाला निर्वंश केलास रे? अग्नी मी दिलाय त्याला."

क्रमांक बदलला. तात्यांची मुलं, नातवंडं क्षणात चुलत्याखाली गेली. तात्या शांतपणे चहा प्यायले.

मला चैन नाही. दोन रकाने केले तर तात्या दोनदा मोजले जातील. मग एकच? कोणाचा?

वंशावळीत मुलीही घेतल्यात. उद्या तात्यांची सख्खी बहीण यादी बघायला येणार. जन्मदात्या वडिलांखाली आता ती एकटीच आहे.