मागच्या दाराचा खटका

आबा, साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं तेव्हा तुमची हत्यारांची पेटी बरोबर आणली होती. ती आज पहिल्यांदा उघडली. कानशींना तुम्ही लावलेलं तेल वाळून काळं झालंय. ज्या तोंडानं मी आयुष्यभर मंत्र्यांना जाब विचारले, त्या तोंडाला तुमच्यासमोर एक वाक्य जमलं नाही. ते आता कागदावर तरी जमतंय का, बघतो.

दुष्काळाचं ते साल. कडेगावात आपल्या पत्र्याच्या शेडपुढं माझी जुनी व्हॅन उभी आहे. तिचं मागचं दार चालता चालता उघडतंय, आणि लष्करात गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले तुम्ही त्याच्यापुढं मांडी घालून बसला आहात. मला घाई आहे. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांना प्यायला पाणी नाही, दुपारी पलीकडच्या गावी सभा आहे, माझं डोकं तापलंय. "सुतळीनं बांधून नेतो, आबा," मी म्हणतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "सुतळीनं वैरणीचा भारा बांधत्यात, पुढारी. दार न्हाई." खटका तुम्ही काढला, रॉकेलनं धुतला, आणि मग दाखवलंत की दोष खटक्याचा नव्हताच. बिजागरी वाकून दार खाली बसलं होतं, त्यामुळं खटक्याची जीभ खाचेत अर्धीच जात होती. बिजागरी सरळ केलीत, तिच्याखाली पत्र्याची चकती घातलीत. तीनदा दार लावून कान देऊन ऐकलंत. "आता ह्येला भार दिऊ नगंस. परत लोंबंल."

सभेच्या माळावर झाड नव्हतं, खांब नव्हता. मी लाउडस्पीकरचे दोन भोंगे त्या उघड्या दारालाच टांगले आणि दीड तास बोललो. बोलण्याच्या भरात दाराकडं लक्ष गेलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. दार झुकलेलं मला दिसलं होतं. लोक ऐकत होते, म्हणून थांबलो नाही.

घरी आलो तर आई पोट धरून गडाबडा लोळत होती. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता सांगलीला न्या. तिला गादीवर घालून मागं ठेवली, तुम्ही तिच्याजवळ बसलात. तासगावच्या अलीकडं एका खड्ड्यात दार उघडलं. आईची किंकाळी ऐकून मी ब्रेक दाबणार, तोच मागून तुमचा आवाज आला, "थांबू नगंस! धरलंय मी! हाण गाडी!" तिथून सांगलीपर्यंत तुमच्या एका हातात आई होती आणि एका हातात दार. दवाखान्यापुढं तुमची बोटं दारावरून मला एकेक करून सोडवावी लागली.

आई वाचली. ऑपरेशन झाल्यावर व्हरांड्यात तुम्ही मला विचारलंत, "दाराला काय टांगलं व्हतंस का रं?"

"न्हाई, आबा."

तुम्ही परत विचारलं नाहीत. हात उलटेपालटे करून बघत राहिलात. "मग माझाच हात चुकला. आज तुझी आई गेली असती गड्या, माझ्या हातानं."

घरी येऊन तुम्ही पाने, कानशी पुसून पेटीत ठेवल्यात. लोक गाड्या घेऊन यायचेच. "आवं सुभेदार, नुस्तं बघा तरी!" तुम्ही म्हणायचात, "न्हाई बाबा, नजर गेली माझी." नजर कुठली जातेय? रस्त्यावरून गाडी गेली की नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचात, पण उठायचा नाहीत. स्वतःच्या हातांपेक्षा तुम्ही माझ्या जिभेवर भरवसा ठेवलात, आबा. मी रोज तुमच्या खुर्चीपुढून सभांना जात होतो. उद्या सांगू, असं रोज ठरवत होतो. त्यातल्याच एका उद्या तुम्ही गेलात. मग आईला तरी सांगेन म्हटलं, तर गेल्या पावसाळ्यात तीही गेली. आता सांगायचं तर कुणाला? आजही माईकपुढं उभा राहिलो की आवाज खणखणीत लागतो.

हा कागद तुमच्या पेटीत कानशींखाली ठेवतोय. तुमचा हात चुकला नव्हता. भोंगे मी टांगले होते, आबा. दोन्ही.