अर्ध्यातून परतणाऱ्याची सोबत

संदेश,

आपल्या सायकल ग्रुपचा नियम तूच केलास. कोणी अर्ध्यातून परतलं, तर एकाने सोबत जायचं. म्हणून आज पूर्णगडचा पूल ओलांडल्यावर मी "गुडघा दुखतोय, परतते" म्हणाले आणि तुझ्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी तू लगेच सायकल वळवली असतीस. आज तू शमिकाची निसटलेली चेन बसवत होतास. तिला ती स्वतः बसवता येते, मी पाहिलंय. मान वर न करता म्हणालास, "आप्पा, तुम्ही जाता हिच्याबरोबर?"

परतीच्या चढावर तुम्हा दोघांना मनात शिव्या घालत मी सुसाट निघाले. साठी उलटलेले आप्पा मागून धापा टाकत म्हणाले, "राही, दुखऱ्या गुडघ्याने जरा हळू चालव गो. मला गाठवत नाय."

हे पाठवणार नाही. गुडघा कसा आहे, ते तू अजून विचारलेलं नाहीस.

राही